वाटपाबाहेरची ओळ

सभेत बसताना मी अशी जागा शोधते, की बोलणारी बहुतेक माणसे माझ्या उजव्या हाताला यावीत. डाव्या कानाने मला फारसे ऐकू येत नाही. २०१४ साली मला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, ज्याला आता सगळेच एमडीआर टीबी म्हणतात, आणि त्या वेळच्या उपचारपद्धतीप्रमाणे सुरुवातीचे सहा-सात महिने आठवड्यातून सहा दिवस कॅनामायसिनचे इंजेक्शन घ्यावे लागले. गोळ्या पूर्ण दोन वर्षे चालल्या. टीबी बरा झाला, नोकरीही टिकली, पण इंजेक्शनांच्या काळात कानात सुरू झालेली किणकिण ओसरली तेव्हा त्या कानाचे ऐकूही जवळजवळ गेलेले होते. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे इंजेक्शन एमडीआरच्या उपचारांतून काढून टाकण्याची शिफारस केली आणि आपल्याकडेही टप्प्याटप्प्याने केवळ तोंडाने घ्यायची औषधे आली. माझ्यानंतरच्या रुग्णांचे कान वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. आधीच्यांच्या कानांचे काय, हा प्रश्न घेऊन मी एका राष्ट्रीय समितीपर्यंत कशी पोहोचले आणि तिथे त्या प्रश्नाचे काय झाले, हे मी आमच्यापैकी जे पुढे तिथे जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी लिहून ठेवत आहे.

एड्स, क्षयरोग आणि मलेरिया या तीन रोगांसाठी २००२ साली स्थापन झालेल्या ग्लोबल फंडाचे कार्यालय जिनिव्हात आहे. ज्या देशांना तो अनुदान देतो, तिथे त्याची स्वतःची कार्यालये नाहीत. त्यामुळे देशाच्या वतीने प्रस्ताव कोणी करायचा, पैसा कोणत्या संस्थांच्या हाती द्यायचा आणि झालेल्या कामावर नजर कोणी ठेवायची, या तीन गोष्टींसाठी देशात एक समिती असावी लागते. तिचे पूर्ण नाव कंट्री कोऑर्डिनेटिंग मेकॅनिझम असे असले तरी बोलताना सगळे सीसीएमच म्हणतात. भारताच्या सीसीएमचे अध्यक्षपद केंद्रीय आरोग्य सचिवांकडे असते, आणि तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर स्वयंसेवी संस्था, खासगी क्षेत्र, आंतरराष्ट्रीय संघटना यांचे आणि या रोगांसह जगणाऱ्या किंवा त्यांतून बऱ्या झालेल्या माणसांचे प्रतिनिधी बसतात. आम्हाला कोणी सौजन्य म्हणून तिथे बोलावलेले नसते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर माझा बसण्याचा ढंगच बदलला. ग्लोबल फंडाने सीसीएमसाठी सहा पात्रता-अटी ठरवलेल्या आहेत. रोगाची झळ बसलेल्यांना समितीत स्थान असणे ही त्यांतली एक, आणि बिगरसरकारी सदस्यांना त्यांच्याच गटाने उघड पद्धतीने निवडून देणे ही दुसरी. या अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर देशाची निधी मिळवण्याची पात्रताच धोक्यात येते.

मी सोलापूरची आहे आणि एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. टीबीतून बऱ्या झालेल्या लोकांच्या एका गटात मी काही वर्षे होते, नव्या रुग्णांना भेटून औषधे मध्येच सोडू नका म्हणून समजावत होते. निवडणुकीची सूचना आमच्यापर्यंत आली ती इंग्रजीतून. तिचा मराठी मजकूर मी रात्री बसून तयार केला आणि मैत्रिणींना पाठवला. मत ईमेलने द्यायचे होते आणि आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या ज्या बायकांमध्ये मी काम करत होते, त्यांच्यापैकी बहुतेकींकडे ईमेल नव्हता. कोणी भाच्याचा पत्ता दिला, कोणी शेजारच्या मुलाचा; काहींनी घरातल्या मुलाला आपला आजार कळेल म्हणून मत दिलेच नाही. मी पर्यायी सदस्य म्हणून निवडून आले, पण ज्यांच्या वतीने मी बोलणार होते त्यांच्यातल्या अनेकींना मतदान करता आले नव्हते, ही बोच मला त्या दिवसापासून आजपर्यंत आहे. निवड आमच्या गटाने करायची असल्यामुळे ती सुधारण्याचे कामही आमचेच आहे.

निवड झाल्यावर पहिला कागद आला तो हितसंबंधांच्या घोषणापत्राचा. नव्या रुग्णांना समुपदेशन करण्याबद्दल मला एका संस्थेकडून प्रत्येक सत्रामागे थोडे मानधन मिळत असे, आणि त्या संस्थेचा तो प्रकल्प ग्लोबल फंडाच्याच पैशावर चालत होता. रक्कम इतकी लहान होती, की ती लिहावी की नाही असे क्षणभर वाटले. मात्र पतसंस्थेत संचालकाचे स्वतःचे कर्जप्रकरण मंजुरीला आले की तो खुर्ची सोडून बाहेर जातो आणि कर्ज दहा हजारांचे आहे की दहा लाखांचे हे कोणी पाहत नाही, हे मी रोज पाहत आले होते. मी ती रक्कम लिहिली आणि त्या संस्थेचा विषय निघाला तेव्हा दोन वेळा बाहेर जाऊन बसले. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था मोजक्याच असतात. ज्यांना अनुभव आहे त्याच अनुदान मागतात आणि त्यांचेच लोक समितीतही असतात, म्हणून हा नियम कागदावर ठेवून चालत नाही.

२०२३ ते २०२५ या वाटपचक्रासाठी प्रस्ताव करण्याचे काम सुरू झाले तेव्हा मी पतसंस्थेतली एक कोरी खतावणी विकत घेतली आणि फोनवरून मागण्या गोळा करायला लागले. हे काम सुमारे तीन महिने चालले आणि संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत जास्त शिकवले ते याच कामाने. भिवंडीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाने सांगितले की उपचार अर्धे झाले असताना माग बंद पडले, तो उत्तर प्रदेशात गावी गेला आणि तिथल्या केंद्रात आपले नाव चढेपर्यंत त्याच्या गोळ्यांत खंड पडला. नंदुरबारच्या डोंगरातल्या एका कार्यकर्त्याने सांगितले की तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे म्हणजे रुग्णाची आणि सोबत्याची दोन दिवसांची मजुरी जाते आणि बसभाडे वेगळेच. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मदत देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे त्या वेळचे दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होत नव्हते अशा तक्रारी अनेक होत्या. त्यांतल्या काही केवळ स्वतःच्या नावाचे खाते नसल्यामुळे होत्या आणि अशा बहुतेक बायकाच होत्या. सोलापूरच्या एका सुनेने मला सांगितले की गल्लीत कळू नये म्हणून तिच्या सासूने तिच्या गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी त्या काढून देतही तीच होती. या बाईने पैशाची मागणी केली नाही. आपल्या घरी येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने दारातून मोठ्याने नाव पुकारू नये, एवढेच तिचे म्हणणे होते आणि मी ते तसेच वहीत लिहिले.

ज्यांनी माझ्यासारखी इंजेक्शने घेतली होती, अशा एकवीस जणांशी माझे बोलणे झाले. त्यांपैकी नऊ जणांनी कमी ऐकू येते किंवा कानात सतत आवाज होतो असे सांगितले. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हती. उपचार संपल्यावर यांतल्या एकाचीही कानाची तपासणी झालेली नव्हती, एवढे मात्र मी खात्रीने लिहू शकले.

देशभरातल्या प्रतिनिधींच्या विचारविनिमयाच्या बैठकीसाठी, ज्याला कंट्री डायलॉग म्हणतात, मी कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीला गेले. तिकिटाचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि बिले दिल्यावर परत मिळायचे, अशी आयोजक संस्थेची पद्धत होती. मला ते जमले, पण नंदुरबारच्या त्या कार्यकर्त्याला जमले नाही आणि त्याची जागा रिकामी राहिली. रुग्णांच्या प्रतिनिधींना प्रवासाची रक्कम आगाऊ द्यावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी लेखी देत आले आहे.

या चक्रात एक नवी गोष्ट होती. नागरी संघटना आणि समुदाय यांच्या प्राधान्याच्या मागण्यांचा स्वतंत्र तक्ता प्रस्तावाला जोडणे आवश्यक केले होते, आणि त्यात तिन्ही रोग मिळून जास्तीत जास्त वीस मागण्या बसवायच्या होत्या. माझ्या एकटीच्या वहीत एकशे चाळीसच्या वर नोंदी होत्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या, तृतीयपंथी लोकांच्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या, ईशान्येकडच्या मलेरियाग्रस्त गावांच्या प्रतिनिधींकडेही तशाच वह्या होत्या. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या मागण्या वाचत बसलो आणि त्या दोन दिवसांत मला जाणवले की आपली मागणी पुढे रेटणे म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मागणी तक्त्याबाहेर जाणे होय. आसाममधून आलेल्या एका बाईंनी पावसाळ्यापूर्वी मच्छरदाण्या पोहोचल्या नाहीत तर नंतर त्या मिळून उपयोग नसतो, हे इतक्या शांतपणे सांगितले की माझी वही उघडायला मला थोडा वेळ लागला.

पहिल्या दिवशी मी माझ्या कानाची हकिगत सांगितली. सगळ्यांनी ती मनापासून ऐकली, आणि संध्याकाळी फळ्यावर लिहिलेल्या यादीत तिचा मागमूसही नव्हता. एचआयव्हीच्या चळवळीत पुष्कळ वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला जेवणाच्या वेळी बाजूला घेतले आणि म्हणाले, "ताई, माणसे किती, जिल्हे कोणते, तपासणार कोण आणि एका तपासणीला खर्च किती, एवढे लिहून आणा. उरलेले आम्हाला कळले आहे." त्या रात्री मी जे केले ते पतसंस्थेत रोज करते तेच होते. कान तपासण्याची सोय अनेक जिल्हा रुग्णालयांत आधीपासून असते, म्हणून यंत्राचा खर्च धरायचा नव्हता. श्रवणयंत्रांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, म्हणून तोही धरायचा नव्हता. जुन्या नोंदींमधून इंजेक्शन घेतलेल्यांची नावे काढणे, त्यांना निरोप देणे, येण्याजाण्याचे भाडे आणि तपासणीच्या दिवसाचे मनुष्यबळ एवढाच खर्च उरत होता. टीबीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार संपल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहायचे असतेच, आणि नव्यांच्या त्या पाठपुराव्याला जुन्यांची ही एक तपासणी जोडावी, असे मी मांडले. सकाळी ती मागणी तक्त्यात अठराव्या ओळीवर आली. भिवंडीच्या तरुणाची आणि नंदुरबारच्या बसभाड्याची मागणी मिळून वरच्या एका ओळीत गेली. दारात नाव पुकारू नये ही मागणी मात्र कोणत्याच रकान्यात बसली नाही, कारण तिला खर्चच नव्हता, आणि याचे वाईट मला आजही वाटते.

प्रस्तावाच्या मसुद्यावर समितीची बैठक होती त्या दिवशी आमच्या गटाच्या मुख्य सदस्य आजारी होत्या. पर्यायी सदस्याने एरवी मागच्या रांगेत बसायचे असते; त्या दिवशी मी टेबलापाशी बसले. सादरीकरणे इंग्रजीत होती आणि चर्चा हिंदी-इंग्रजीत मिसळून. कोण बोलत आहे हे ओठांकडे पाहून ओळखण्यात माझी बरीच शक्ती गेली, म्हणून मी सरळ हात वर करून बोलणाऱ्यांनी माइक जवळ घ्यावा अशी विनंती केली, आणि त्यानंतर सगळ्यांनी ती पाळली. अठराव्या ओळीवर एका अधिकाऱ्यांनी जो आक्षेप घेतला तो रास्त होता. इंजेक्शन बंद झाल्यामुळे असे नवे रुग्ण आता होणार नाहीत. मग बाहेरून येणारा मर्यादित पैसा लवकर निदानावर आणि रुग्णाच्या घरातल्यांना द्यायच्या प्रतिबंधक उपचारांवर का घालू नये, असे त्यांनी विचारले. आपल्या देशात टीबी कार्यक्रमाचा मोठा भार आपलाच अर्थसंकल्प उचलतो आणि ग्लोबल फंडाला भारत स्वतःही पैसे देतो (२०१९ मध्ये दोन कोटी वीस लाख डॉलर देण्याचे आपण जाहीर केले होते), त्यामुळे बाहेरचा प्रत्येक रुपया कुठे घालायचा याचा विचार काटेकोरपणेच व्हायला हवा, हे मलाही मान्य होते. मी एवढेच म्हटले की ज्यांचे कान गेले ती माणसे कार्यक्रमाच्याच नोंदवह्यांत आहेत, त्यांनी कार्यक्रमावर विश्वास ठेवून शेवटचे इंजेक्शन घेतले म्हणूनच ती जिवंत आहेत, आणि ती नव्या रुग्णाला काय सांगतात यावर तो नवा रुग्ण औषध पूर्ण करणार की नाही हे ठरते. माझे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे अशी विनंती केली. ते नोंदवले गेले.

प्रस्ताव जिनिव्हाला गेल्यावर स्वतंत्र तज्ज्ञांचे मंडळ तो तपासते, आणि त्यानंतर अनुदान प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या मुख्य संस्थांबरोबर अंदाजपत्रकाची बारीक आखणी सुरू होते. या संस्थांत सरकारी विभाग असतात तशा जाहिरातीतून निवडलेल्या बिगरसरकारी संस्थाही असतात. तक्त्यातल्या ओळी खऱ्या अर्थाने जगतात किंवा जातात त्या याच टप्प्यावर, आणि नेमका हाच टप्पा आमच्या नजरेआड गेला. आखणीत काय बदलले हे समुदायाच्या प्रतिनिधींना वेळेवर कळावे अशी ग्लोबल फंडाची अपेक्षा या चक्रापासून स्पष्टपणे लिहिलेली होती. ती वाचलेली असूनही आमच्या गटातल्या कोणी नियमितपणे विचारणा केली नाही, आणि मीही केली नाही. दोन महिन्यांनी एका जोडपत्रात मला अठरावी ओळ सापडली. ती मुख्य अंदाजपत्रकात नव्हती. वाटपाच्या रकमेत न बसलेल्या, पण पुढे बचत झाली किंवा जास्तीचा पैसा आला तर विचारात घ्यायच्या मागण्यांची एक वेगळी यादी असते, तिच्यात ती गेली होती. बसभाड्याच्या ओळीतला काही भाग मुख्य अंदाजपत्रकात राहिला होता. मी त्या दिवशी कचेरीतून लवकर निघाले आणि घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीमागून ओळ पडताळून पाहिली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बदलांची विचारणा करणारे पत्र पाठवायचे मी ठरवले, आणि ते आजतागायत चुकवलेले नाही.

नवे अनुदान एप्रिल २०२४ पासून सुरू झाले. पुढे समितीच्या देखरेखीच्या कामात एका दुसऱ्या राज्यातल्या जिल्ह्यात जाण्याची संधी मला मिळाली. हिशेब तपासणे आमचे काम नव्हते. त्यासाठी ग्लोबल फंडाने नेमलेली स्वतंत्र यंत्रणा असते. ज्या कामासाठी पैसा दिला ते काम लोकांपर्यंत पोहोचते का, आणि नसेल तर अडते कुठे, हे आम्ही पाहायचे होते. एका केंद्रात ट्रूनॅटचे यंत्र होते. गोव्यात तयार होणारे, बॅटरीवर चालणारे हे छोटे यंत्र टीबीचे जंतू आणि रिफाम्पिसिन या औषधाला त्यांनी केलेला विरोध काही तासांत ओळखते, म्हणून मला त्याचे विशेष अप्रूप होते. यंत्रावर धुतलेला स्वच्छ कपडा घातलेला होता. मी साठ्याची नोंदवही मागितली आणि शिल्लक, आवक, जावक हे रकाने वाचत गेले, तेव्हा या यंत्रावर प्रत्येक तपासणीला लागणाऱ्या चिपांची शिल्लक पाच आठवडे शून्य असल्याचे दिसले; त्याच काळातले नमुने जिल्ह्याला पाठवले गेले होते. तिथल्या तंत्रज्ञाने चिपा मागवणारी तीन पत्रे लिहिली होती आणि तिन्ही पत्रांच्या पोच पावत्या नीट फाइल केल्या होत्या. त्याने मला त्या न विचारता दाखवल्या, आणि दाखवताना त्याचे हात थरथरत होते. आमच्या अहवालात यंत्र बंद होते एवढे न लिहिता त्या तीन पत्रांच्या तारखा लिहाव्यात, असा मी आग्रह धरला. त्या लिहिल्या गेल्या, आणि पुढच्या बैठकीत पुरवठ्याबद्दल विचारणा झाली तेव्हा उत्तर तारखांसह द्यावे लागले.

सोलापूरला परतल्यावर एका रविवारी आमच्या गटातल्या ओळखीच्यांना मी एका शाळेच्या वर्गात बोलावले आणि माझ्या खतावणीतली त्यांची प्रत्येक नोंद वाचून तिच्यापुढे काय झाले ते सांगितले: ही ओळ राहिली, ही दुसरीत मिळाली, ही गळाली, हिला रकानाच नव्हता. त्याला अडीच तास लागले. डाळीच्या डब्यात गोळ्या ठेवणारी ती सासूही सुनेबरोबर आली होती, आणि दारात नाव न पुकारण्याची गोष्ट आपण आपल्या भागातल्या आशाताईंना स्वतःच जाऊन सांगू, असे म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात ती गेलीही. मागच्या बाकावर यंत्रमागावरून निवृत्त झालेले एक काका बसले होते, त्यांनी माझ्याही आधी, पहिल्या खेपेच्या रुग्णांबरोबर इंजेक्शने घेतली होती. अठराव्या ओळीचे सांगून झाले तेव्हा त्यांच्या नातवाने ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा मोठ्याने सांगितले. त्यांनी विचारले, यादीतून काढले तर नाही ना? मी मान हलवून नाही म्हटले. मग त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली, पुढच्या चक्रासाठी मी मोकळी सोडलेली पाने उलटली आणि पहिल्या ओळीवर स्वतःच्या हाताने तारीख, नाव, वॉर्ड आणि "दोन्ही कान" असे लिहून वही मला परत दिली.